बिननावाचा नमुना

“मॅडम, याच्या घरी फोन कोणाले करू?”

ममताने मशीनवरून नजर न काढता विचारलं. पोटॅशियम सात पॉइंट एक. एवढं वाढलं की काळीज कधी थांबेल याचा नेम नसतो.

प्रेरणा मॅडम हसल्या. यवतमाळातली ही लॅब त्यांची. “परीक्षेची कुपी आहे ते. तिले घर ना दार. फोन कायले करतं?”

मॅडमचं खरंच होतं. लॅबचं मानांकन टिकवायचं तर परदेशातून येणारी अशी कुपी तपासून उत्तर कळवावं लागे. त्याच घाण्यातल्या कुप्या मस्कतला, कोलंबोला, नैरोबीलाही जात. सगळ्यांशी उत्तर जुळलं तर लॅब पास. या खेपेला ममताचीही परीक्षा त्यातच होती. जुळलं तर तिला रिपोर्टवर सहीचा हक्क मिळणार होता, आणि धोक्याचा आकडा दिसला की पेशंटला स्वतः फोन करण्याचा. सहीचं तिला फारसं अप्रूप नव्हतं. फोनचा हक्क मात्र तिला हवाच होता.

ती बारावीत असताना तिच्या वडिलांचं, खेमसिंगचं, रक्त इथल्याच एका दुसऱ्या लॅबमध्ये दिलं होतं. कुणी काही कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी रिपोर्टचं बंद पाकीट मांडीवर ठेवून ती फुलसावंगीच्या एसटीत खिडकीशी बसली, बाहेरचा फुटलेला कापूस बघत, अगदी मजेत. तांड्यावर पोचली तेव्हा अंगणात माणसं जमली होती. पाकीट तिने नंतर उघडलं. आकडा असाच होता.

उत्तर पाठवल्यावर ममता कित्येक दिवस तरंगतच होती. चहा गाळताना तिला मस्कतची एखादी मुलगी दिसे, मग नैरोबीची. सगळ्यांचे पांढरे कोट, सगळ्यांसमोर तोच आकडा, सगळ्यांचे हात फोनकडे गेलेले. आणि पलीकडे कुणीतरी खाटेवरून उठून चपला शोधत असे.

उत्तर जुळलं.

“आजपासून सही तुही,” मॅडम म्हणाल्या, “अन् फोनही तूच करत जाय.”

ममता जिन्यात आली आणि तिने आईला, बिजलीबाईला, फोन लावला.

“याडी, लॅबमधून बोलून राह्यली मी. बाचं पोटॅशियम लय वाढलं. गाडी करा अन् आताच दवाखान्यात न्या.”

पलीकडे खाट करकरली.

“हाव बाई,” बिजलीबाई म्हणाली. “निघतोच आमी.”