मोहाखालचा पाला

दरेकशाच्या डोंगराखाली, नाल्याच्या काठी केवलरामचं मोहाचं झाड होतं. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून सगळं गाव मार्चमध्ये मोहाखालचा पाला पेटवून देतं. केवलराम मात्र दोन वर्षं पाल्यावर बायकोची जुनी लुगडी अंथरत होता. हट्टाला पेटला की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ऐकायचा नाही.

कारण होतं त्या पाल्यातला नखाएवढा, मातकट बेडूक. दोन हजार आठच्या पावसाळ्यात बेडकांवर अभ्यास करणाऱ्या रंजिता मॅडमला त्यानेच तो दाखवला. तसला बेडूक दुसऱ्या कुठल्याच नाल्यात मिळेना. मॅडम म्हणाली, आणखी चार-दोन सापडले आणि जात नवी ठरली, तर नाव तुमचंच देऊ. केवलराम आमगावच्या बाजारात भेटेल त्याला हे सांगायचा. लोक म्हणायचे, पोरगं नाही तर नाही, बेडूक नाव चालवेल! तोही हसायचा, पण आशा खरीच होती.

मॅडमचे पुढचे दोन पावसाळे परवानगीच्या कागदांत गेले. मग हिवाळ्यात केवलराम काविळीने गेला. त्याची बायको धुरपताबाई रडली नाही. तेरवीची भांडी तिनेच घासली. मार्चमध्ये मोहाला गेली, काडी ओढली, फुलं वेचली, वाळवली. हात आपले चालत होते.

ऑगस्टमध्ये रंजिता आली. तीन दिवस दोघींनी नाला पिंजून काढला. मोहाखाली नुसता मुरूम उरला होता. बेडूक एकही नाही.

"वणवा लागला असेल, काकू."

धुरपताबाईने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"वनवा नाही लागला. मीच पेटवला पाला."

रंजिता हळूच म्हणाली, "काकांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"सांगतलं होतं ना. बाजेवर पडल्या पडल्या रोज सांगून राहिले होते. मी हो म्हनली होती."

"मग विसरलात?"

"पाल्याचं नाही, मॅडम," धुरपताबाई म्हणाली. "त्या दिवशी मले तुमच्या काकायचीच याद नाही आली. आपला मानूस होता, मेला, काहीच आठवलं नाही."

बोलून गेल्यावर ते तिलाच ऐकू आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती नवऱ्याचं नाव घेऊन रडली.