मेतोदीकाकांची सहा रोपं

"पुढे सरका, पुढे सरका! दारात गर्दी नको!" मेतोदीकाका टोमॅटोच्या रोपांना दटावत होते आणि मी हसून हसून कठड्याला टेकले होते.

अठ्ठावीस वर्षं ट्रॉलीबस, म्हणजे वरच्या विजेच्या तारांवर चालणारी बस, चालवलेला माणूस. आमच्या प्लोवदिव शहरातल्या ट्रॉलीबस बंद झाल्या, तशी काकांनी सातव्या मजल्यावरची आमच्या शेजारची गॅलरी चालवायला घेतली. रोपं बांधायला ट्रॉलीबसचे दांडे तारेवरून खाली ओढायचे जुने दोर. बी रुजवायला दह्याचे रिकामे डबे, कुंड्या म्हणजे रंगाचे डबे, ऊन अडवायला जुना पडदा. पाणी भाज्या धुतलेलं. विकत आणलेली फक्त माती, तीही एकदाच.

"ह्या सहा जणांना काही झालं, तर संपलं गं, झोर्नित्सा," काका म्हणाले. "नेवेनाच्या माहेरचं बी आहे हे. ते गाव धरणाखाली गेलं. गेल्या वर्षी गारांनी सगळं झोपवलं. जुन्या पुडीत चाळीस बिया उरल्या होत्या, त्यातले हे सहा उगवले."

नेवेनाकाकू, म्हणजे त्यांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी काका हर्नियाच्या ऑपरेशनला गेले. जाताना माझ्या हातात किल्ली ठेवली.

"सकाळी एक बादली. बाकी शहाणपणा करायचा नाही."

"काका, मी पंधरा वर्षांची आहे!"

"म्हणूनच सांगतोय."

जुलै होता, अडतीस अंश. तिसऱ्या दिवशी दुपारी रोपांनी माना टाकल्या. उन्हात टोमॅटो मान टाकतातच आणि संध्याकाळी आपोआप उठतात, हे आज मला माहीत आहे. त्या दिवशी मला वाटलं, उपाशी आहेत बिचारे! खत विकत कशाला आणायचं? फुकटचं, नैसर्गिक काहीतरी हवं. आणि आमच्या गॅलरीत ते होतंच की! हिवाळ्यात कोबी आंबवायचं निळं पिंप. आईने ते अजून धुतलं नव्हतं आणि तळाशी वीतभर पाणी उरलं होतं. आमच्याकडे हे आंबट पाणी म्हणजे अमृत. बाबांना आदल्या रात्रीची उतरवायची असो की आजीचं पोट बिघडलेलं असो, एक पेला कोबीचं पाणी. माणसाला चालतं, मग झाडाला का नाही चालणार? अर्धी बादली ते, अर्धी साधं.

पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मी आणखी घातलं.

नवव्या दिवशी काका पोटावर हात धरून घरी आले आणि गॅलरीच्या दारातच थांबले. वाऱ्याने वाळकी पानं सळसळत होती. त्यांनी एका डब्यातली चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

"काय घातलंस?"

मी सगळं सांगितलं, एका दमात. शेवटी मी म्हणाले, "पण काका, ते नैसर्गिक होतं!"

"समुद्रही नैसर्गिकच असतो, पोरी."

कोबीच्या पाण्यातलं मीठ धुऊन काढायला मी बादल्यांवर बादल्या ओतल्या. काकांना वाकायची बंदी होती. ते खुर्चीत बसून नुसतं "अजून" म्हणत राहिले. पाणी थेट खालच्या पेंकाताईंच्या चादरींवर पडलं.

"मेतोदी! ऑपरेशन पोटाचं केलं की डोक्याचं?"

एरवी दोघांची अशी जुंपायची, की समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत येत. त्या दिवशी काका खुर्चीतूनच फक्त म्हणाले, "चुकलं, पेंका." खाली पेंकाताई ओल्या चादरी आत ओढायला लागल्या.

पाच रोपं त्याच आठवड्यात गेली. सहाव्याला फुलं आली, पण फळ एकही धरलं नाही. मी रोज सकाळी जमिनीवर पडलेली पिवळी फुलं गोळा करायचे. काका मला हाकलत नव्हते, रागवतही नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

ऑगस्टच्या शेवटी नेवेनाकाकूंचा स्मृतिदिन आला. गेलेल्या माणसाच्या नावाने शेजारीपाजारी खायला वाटायचं, ही रीत. गारांचं वर्ष सोडलं तर दरवर्षी काका काकूंच्या बियाण्याचे गुलाबी टोमॅटो आणि पाव वाटत. यंदा टोमॅटो त्यांनी बाजारातून आणले. तसेच गुलाबी, पण विकतचे. इस्त्रीचा सदरा घातला, फोडी केल्या, ताट माझ्या हातात दिलं आणि आम्ही खाली उतरलो.

पेंकाताईंनी रीतीप्रमाणे "देव तिला क्षमा करो" म्हणत एक फोड तोंडात घातली आणि डोळे मिटले.

"काही म्हण मेतोदी, नेवेनाच्या टोमॅटोची चव बाजारात मिळायची नाही."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. काकांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"नाहीच मिळत," ते म्हणाले. "अजून एक घे."

पेंकाताईंनी घेतली. रस मनगटापर्यंत ओघळला, तो त्यांनी पुसलासुद्धा नाही. त्यांचं खाऊन होईपर्यंत काका दारातच उभे होते.