बरणीच्या गळ्याची चिंधी

थोरल्या बहिणीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी धाकटी सत्तावीस वर्षांची होती आणि तांब्याच्या एका संयुगापायी रडकुंडीला आली होती. संयुग तयार व्हायचं, त्याची अडचण नव्हती. चंबूत निळंशार पाणी दिसायचं. पण त्यातून धड स्फटिक म्हणून निघत नव्हता, तळाशी नुसती निळी भुकटी बसायची. आत अणू कुठे आणि कसे बसलेत हे क्ष-किरणांनी बघायचं, तर एक तरी नीट, एकसंध खडा लागतो. तीन वर्षांत तसा खडा हाती आला नव्हता. एकदा काही आले, तेही दोन-दोन एकमेकांत घुसलेले, यंत्राच्या काही कामाचे नाहीत.

दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या बहीण म्हणाली, "माझ्या पोटी जुळं, तुझ्या बाटलीत जुळं. माझं निदान रडतं तरी!"

दोन दिवस धाकटी बहिणीच्या उशाशी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तोंडावर पाणी मारून ती तशीच रसायनशाळेत आली.

तिथे भांडी घासायला एक गृहस्थ होते, चव्वेचाळीस वर्षांचे. सगळे त्यांना बाटलीमामा म्हणत. घासलेलं भांडं ते उजेडात धरून फिरवायचे आणि आत एक थेंब जरी अडकलेला दिसला तरी पुन्हा घासायला घ्यायचे. "काच निर्मळ असली की पाणी सरळ घसरतं, ताई," ते सांगायचे. "थेंब थांबला की समजायचं, तिथे काहीतरी चिकटलंय." लिहिता-वाचता मात्र त्यांना येत नव्हतं. बाटल्या ते रंगावरून, वासावरून, झाकणावरून ओळखायचे आणि कधी चुकायचे नाहीत.

खिडकीजवळच्या ओट्यावर तोटी असलेली मोठी काचेची बरणी असे. तिच्यात डिस्टिल्ड पाणी, म्हणजे उकळून, वाफ धरून, पुन्हा थंड केलेलं. त्यात मिठाचा कण नसतो, आणि प्रयोगाला तेच घ्यायचं असतं. त्या आठवड्यात पाणी उकळायचं यंत्र जळलं. मामा कार्यालयात दोनदा खेटे घालून आले, नवी कॉइल काही मिळेना. त्या ओट्याला नळ नव्हता आणि भांडी विसळायला तरी पाणी हवं, म्हणून त्यांनी बरणीत नळाचं पाणी भरलं. चिठ्ठी लिहिता येत नव्हती, म्हणून बरणीच्या गळ्याला एक लाल चिंधी बांधली आणि एकेकाला गाठून सांगितलं, ही चिंधी आहे तोवर हे पाणी प्रयोगाला घ्यायचं नाही. धाकटी तेव्हा दवाखान्यात होती. तिला कुणी सांगितलं नाही.

ती आली तेव्हा ओट्यावर काहीतरी निळं सांडलेलं होतं. पुसायला फडकं सापडेना. समोर बरणीला चिंधी दिसली. तिने ती सोडली, डाग पुसला, चिंधी ऍप्रनच्या खिशात कोंबली आणि तोटी फिरवून पाणी घेतलं.

दुपारपर्यंत चंबूतल्या निळ्याचं हिरवट झालं.

"मामा! या बरणीत काय भरलंय?"

"नळाचं पाणी, ताई. यंत्र बंद आहे ना."

"आणि हे आता सांगताय?"

"चिंधी बांधली होती की. लाल. सगळ्यांना सांगितलंय मी."

"कुठाय चिंधी? दाखवा!"

मामांनी बरणीकडे पाहिलं. मग बरणीच्या मागे पाहिलं, ओट्याखाली वाकून पाहिलं. "सकाळी होती, ताई. मी स्वतः..."

"आणि असली तरी! चिंधी म्हणजे काय लेबल आहे? चार अक्षरं काढता येत नाहीत, तर या कामाला आलात कशाला? घरीच बसायचं होतं!"

खोलीत पाच-सहा जण होते. त्यातलं कुणीतरी फिस्सकन हसलं. मामांचे कान लाल झालेले धाकटीने पाहिले. तिने तिथेच उभ्या उभ्या तक्रार लिहिली आणि विभागप्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

संध्याकाळी ऍप्रन धुवायला टाकताना तिचा हात खिशात गेला. चिंधी ओली होती, एका बाजूने निळी पडलेली.

दुसऱ्या दिवशी जाऊन सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण काल ज्यांच्यासमोर आवाज चढवला त्यांच्यासमोर तो उतरवायचा, हे तिच्याने होईना. तिने चिंधी केराच्या डब्यात टाकली आणि तिच्यावर एक जुना कागद चुरगाळून टाकला, कुणाला दिसू नये म्हणून. घरात ती एकटीच राहत होती.

मामांची बदली तळघरातल्या भांडारात झाली. तिथे भांडी नव्हती, उजेडही नव्हता. रिकामी खोकी मोजायची आणि भरलेल्या बाटल्या फळीवर लावायच्या.

टाकाऊ द्रावणाची बाटली भरली होती, म्हणून तो बिघडलेला चंबू खिडकीतच पडून राहिला. अकराव्या दिवशी त्याच्या काचेला हिरवे खडे धरलेले दिसले. तिळाएवढे, धारदार कडांचे, एकेकटे. धाकटीने त्यातला एक केसाएवढ्या काचेच्या काडीवर चिकटवून क्ष-किरणांच्या यंत्रावर चढवला. फोटो, मोजमापं, आकडेमोड यात दोन महिने गेले. शेवटी अणूंचा नकाशा कागदावर उतरला तेव्हा दिसलं, की तांब्याचे दोन अणू समोरासमोर बसलेत आणि त्यांच्या मधोमध, दोघांनाही धरून, क्लोरीनचा एक अणू आहे. पूल टाकल्यासारखा. तिच्या संयुगात क्लोरीन नव्हतंच. ते नळाच्या पाण्यातल्या मिठातून आलं होतं.

सर, म्हणजे तिचे मार्गदर्शक, नकाशावर ओणवे झाले. "हे क्लोरीन कुठून आलं?"

क्लोरीन कुठून आलं हे सांगायचं, तर बरणी आली, चिंधी आली, खिसा आला, तक्रार आली.

"मी घातलं, सर. चिमूटभर मीठ."

"का घालावंसं वाटलं?"

"वाटलं, तांब्याला टेकायला काहीतरी हवं."

सरांनी टेबलावर थाप मारली. "शाब्बास, पोरी!"

पुढे तिने खरोखर मीठ घालून तो प्रयोग वीसदा केला आणि वीसदा तेच हिरवे खडे मिळाले. विज्ञान खरं होतं. छापून आलेल्या शोधनिबंधातलं एकच वाक्य खोटं होतं, मीठ मुद्दाम घातल्याचं. त्या वाक्यावर मग निकेल आलं, कोबाल्ट आलं, मँगेनीज आलं, कुठे क्लोरीनचा पूल, कुठे ऑक्सिजनचा. धाकटी प्राध्यापक झाली. विद्यार्थी तिला मागे पूलबाई म्हणत. दर वर्षी पहिल्या तासाला कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, ती कल्पना सुचली कशी?" आणि ती सांगायची, "वाटलं, तांब्याला टेकायला काहीतरी हवं." सांगून झालं की तिला पाणी प्यावं लागे.

मामा निवृत्त होईपर्यंत ती तळघराच्या पायऱ्या एकदाही उतरली नाही. काही हवं असलं तर दुसऱ्याला पाठवायची. कानावर एवढं आलं, की बाटलीमामा तिकडे लेबलं बघून बघून वाचायला शिकले. ही बातमी देणाऱ्याला वाटलं, मॅडमना कौतुक वाटेल. मॅडम उठून खिडकी लावायला गेल्या.

चौतीस वर्षांनी तिच्या निवृत्तीचा सत्कार झाला. पहिल्या रांगेत थोरली बहीण होती. भाषणात पुन्हा ते वाक्य आलं, पुन्हा टाळ्या पडल्या. गर्दी ओसरल्यावर काठी टेकत एक म्हातारा पुढे आला. आधी तिने हात ओळखले, मग चेहरा.

"मॅडम, ओळखलंत का? बाटलीमामा."

"मामा..."

"तुमचं भांडं खराब केलं होतं मी. नातवंडांना सांगतो, माझ्या हातून एवढ्या मोठ्या बाईंचं नुकसान झालं होतं, तरी बाई थांबल्या नाहीत. आज ऐकून बरं वाटलं. मनाला लागून राहिलं होतं हो."

तिने हात जोडले.

घरी आल्यावर तिने बहिणीला पहिल्यांदा सगळं सांगितलं, दवाखान्यातल्या दोन जागरणांपासून सुरुवात करून. बहीण म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं माझं बाळंतपण निमित्ताला वापरलंस होय? झोप झाली नव्हती, डोकं ठिकाणावर नव्हतं..."

"हो."

"चिंधी सोडलीस तेव्हा नव्हतं, कबूल. सरांना सांगितलंस तेव्हा मुली दोन महिन्यांच्या होत्या. उद्या जा. आणि माझ्या पोरींना त्यात ओढू नकोस."

मामांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. सुनेने दार उघडलं, पाणी दिलं. धाकटीने खाली मान घालून सगळं सांगितलं. चिंधी, खिसा, केराचा डबा, त्यावरचा कागद, सरांना दिलेलं उत्तर. सून दारातच थबकली होती. मामांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे चिंधी मी बांधली होती."

"हो, मामा."

"कारण पुढे पुढे मलाच वाटायला लागलं, की बांधलीच नसेल. बायको शेवटपर्यंत म्हणायची, तुम्ही विसरला असाल. मीही म्हणायचो, असेल बाबा."

"मामा, मला माफ..."

"थांबा. कागदावर लिहून द्या. तक्रार कागदावर होती ना?"

सुनेने वही आणली. धाकटीने लिहिलं. मामांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून, अडखळत, मोठ्याने वाचलं. "त्या दिवशी बरणीची खूण निघाली होती. नळाचं पाणी प्रयोगात वापरलं गेलं. तक्रार चुकीची होती." बोट थांबलं. "खूण आपोआप निघाली?"

"नाही."

"तुमच्या तक्रारीत माझं नाव पहिल्या ओळीत होतं. साहेबांनी वाचून दाखवलं होतं. यात तुमचं कुठाय?"

तिच्या चेहऱ्याची आग आग झाली. एकसष्ट वर्षांची बाई शाळकरी पोरीसारखी पुन्हा लिहायला बसली. चिंधी मी सोडली. पाणी मी घेतलं. संध्याकाळी चिंधी माझ्याच खिशात सापडली आणि मी गप्प बसले. क्लोरीन मी घातलं नव्हतं. खाली सही केली.

मामांनी ते दोनदा वाचलं आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "आता छापा. खोटं छापलं होतंत ना? मग हेही छापूनच यायला हवं. माफीचं ते वाचल्यावर बघू, ताई."

तिने नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली, आठ ओळींची. एका ओळीत रसायनशाळेतल्या कामगाराने बांधलेली खूण होती आणि ती कुणी काढली हेही होतं. संपादकांचं उत्तर आलं, छापू, अमुक अंकात. दुरुस्तीची कुणकुण लागताच एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, काय हा प्रांजळपणा! आम्ही सगळ्यांना सांगतोय."

आभाळ कोसळलं नव्हतं. नोकरी, मान, पेन्शन, सगळं जागच्या जागी होतं. ज्याच्या भीतीने चौतीस वर्षं तोंड उघडलं नाही ते एवढंच होतं, आणि वर पुन्हा तिलाच शाबासकी. फोन ठेवल्यावर तिने बराच वेळ दिवा लावला नाही.

बाटलीमामा वारले ते त्याच वर्षी, जुळ्यांतल्या मोठीला मुलगी झाली त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी. वय अठ्ठ्याहत्तर. अंक त्यानंतर एकोणीस दिवसांनी आला.