डॅडींची लोखंडी काडतुसं

“आधी नळी धुवा, मग ताटावर बसा!”

आईचा, ओर्फाचा, हा आवाज ट्वायलाच्या कानात लहानपणापासून मुरलेला. शेगडीवर एकीकडे बीन्सचं पातेलं रटरटायचं, दुसरीकडे किटली वाफाळायची, आणि आई बाह्या सारून रायफलीच्या नळीत कढत पाणी सोडायची. कुठल्याशा दूरच्या फौजेच्या जुन्या साठ्यातली ती लोखंडी काडतुसं, सीलबंद डब्यांतून आलेली, स्वस्त. त्यांचा खार नळीत बसतो, आणि तो नुसत्या तेलानं निघत नाही, पाणीच लागतं. आई गेली, आणि किटलीत आता फक्त कॉफीचं पाणी तापायचं.

सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता. ट्वायला शनिवारीच डॅडींना घेऊन डोंगरावर, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीच्या सपाटीवर आली. समोर मातीचा उंच कडा, त्याच्या पायाशी कागदाचं टार्गेट. उन्हाळ्यापासून डॅडींचा, डेल्मर कटलिपांचा, नेम भरकटत होता. ज्या माणसानं वाऱ्यावर डुलणारं अक्रोड देठासकट पाडावं, त्याच्या गोळ्या कागदाला शिवेनात. विचारलं की एकच उत्तर: “ती पत्र्याची काडतुसं गं! त्यांचा काय भरवसा?”

ट्वायलानं मनाशी गाठ मारली होती. दोष रायफलीचा असेल तर तो आज काढायचा. नसेल, तर सोमवारी डॅडींना रानात जाऊ द्यायचं नाही, मग ते महिनाभर बोलले नाहीत तरी चालेल.

शेजारचा ज्युनियर हॅमरिक आपल्या गाडीच्या मागच्या उघड्या फळीवर बसून पेपरोनी रोल खात होता.

“डेल्मर, कड्यानं काय घोडं मारलंय तुझं? बिचारा नुसता उभा आहे, आणि तू त्यालाच मारतोयस!”

“तू खा. तोंड भरलेलं असलं की बरा दिसतोस.”

डेल्मरनी लोखंडी काडतुसांचा भरणा झाडून संपवला. रायफल अर्धस्वयंचलित, जुनी रशियन. गोळी सुटली की रिकामी पुंगळी आपणच बाहेर फेकायची आणि पुढचं काडतूस आपणच ओढून घ्यायची. काळपट हिरव्या पुंगळ्या गवतात टपटप पडल्या. कागद कोरा तो कोराच.

“बघितलंस? आता ही बघ.” त्यांनी खिशातून नवी पितळी काडतुसं काढली, मऊ टोकाच्या गोळीची, खास हरणासाठी घेतलेली. भरली, घोडा ओढला. एक बार झाला आणि रायफल मुकी झाली. बोल्ट मागे गेला, पण पितळी पुंगळी आत तशीच, आणि मागून आलेलं काडतूस तिच्यावर तोंड आपटून वाकडं झालेलं.

“घ्या! आता पितळसुद्धा सवत झाली!” ज्युनियर हसत सुटला.

ट्वायलानं रायफल हातात घेतली. तोंड कड्याकडेच ठेवून उरलेली काडतुसं खाली उतरवली, अडकलेलं काढलं, नळीखालची सळई ओढली आणि नळीच्या तोंडातून आत घालून हलके ठोके दिले. पुंगळी निघाली, अंगावर काजळीचे पट्टे घेऊन.

“डॅडी, आई गेल्यापासून गोळीचं घर घासलंत?”

“नळी पुसतो की.”

“नळी नाही, घर. काडतूस जिथं बसतं ते. लोखंडी पुंगळी फारशी फुगत नाही, बाजूनं धूर मागे येतो, काजळीचा थर चढतो. त्यात हे मऊ पितळ घातलंत. ते फुगलं आणि चिकटून बसलं.”

“आईवर गेलीस अगदी,” डेल्मर पुटपुटले.

ज्युनियर उठला. “मी निघतो. सोमवारी मी पलीकडच्या धारेवर असेन, डेल्मर. मला कडा समजू नकोस म्हणजे झालं!” त्याची गाडी वळण घेऊन उतरली.

ट्वायलानं थर्मासातलं गरम पाणी ओतलं, ब्रशनं घर घासघासून काढलं, कोरडं केलं, तेलाचा हात फिरवला. मग आडवी झाली, दस्ता खांद्याला लावला. आधी लोखंडी झाडली, मग पितळी. पितळी पुंगळी एकही अडकली नाही. दोन्हींची भोकं कागदाच्या मध्यावर, तळहाताखाली झाकतील अशी. तिनं कागद काढून डॅडींच्या मांडीवर ठेवला.

डेल्मर त्यावरून बोटं फिरवत राहिले. “वारा पडला असेल.”

“वारा सकाळपासून नाही.”

“तुझे हात तरुण आहेत.”

“तुमचे हात दगडासारखे स्थिर आहेत. मी बघत होते.” ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. “रायफल ठीक आहे, काडतुसं ठीक आहेत. मला इथं रात्र झाली तरी चालेल, डॅडी. सांगितल्याशिवाय मी गाडीची किल्ली फिरवणार नाही.”

खाली दरीत एक कुत्रं भुंकलं आणि थांबलं. डेल्मरनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

“सगळ्यावर दूध सांडल्यासारखं दिसतं गं,” ते म्हणाले. “उन्हाळ्यापासून. काल फाटकापाशी तू हात केलास ना, तेव्हा मला नुसतं काहीतरी हलताना दिसलं. तू हाक मारलीस, तेव्हा कळलं की माझी पोर आहे. रानात माणूस ओळखू यावा म्हणून शिकारी घालतात ती नारिंगी बंडी ओकच्या वाळक्या पानांपासून मला वेगळी काढता येत नाही, ट्वायला. मला दिसत नाही.”