पहिल्या बसपर्यंत पायी

पहिल्या बसच्या ड्रायव्हरला डेपोत जायला बस मिळत नाही. मिळणार कशी? ती त्यानेच आणायची असते. एवढी साधी गोष्ट आमच्या घरात कोणाच्या डोक्यात शिरत नव्हती. "बस चालवणारी बाई आणि कामाला पायी!" म्हणून नवरा पोट धरून हसला आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागला.

सासूबाई मात्र चपला घालून दारात उभ्या होत्या.

"आई, तुम्ही कुठे निघालात?"

"अंधारात एकटी जाणारेस का? चल."

मी बस शिकायला लागले तेव्हापासून या विषयावर त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. एरवी त्यांचा आवाज असा, की त्या जिन्यात बोलल्या तर वरच्या मजल्यावरची माणसं "काय म्हणालात?" न विचारता उत्तर देतात. अशी बाई गप्प बसली म्हणजे तिला पसंत नाही, हे कळायला ज्योतिषी लागत नाही. पण आज मला कशाचंच काही वाटत नव्हतं. अंगावर कडक इस्त्रीचा गणवेश होता, छातीवर बिल्ला होता आणि पायाला भिंगरी लागली होती. इतके महिने मी बदली ड्रायव्हर होते, म्हणजे कोणाला ताप आला तर मी. आज पहिली बस माझी होती आणि डेपोचे साहेब स्वतः शेजारी बसून परीक्षा घेणार होते. गाडी वेळेवर पोचली पाहिजे, वाटेत एकही माणूस सुटता कामा नये. पास झाले तर ती बस कायमची माझी. नाही तर पुन्हा बाकावर बसून कोण शिंकतंय त्याची वाट पाहायची.

डेपोचा रस्ता म्हणजे माझ्याच बसचा मार्ग, फक्त उलटा. मी चालता चालता एकेक वळण मनात घोकत होते. इथे खांब जपायचा, इथे उतार आहे, ब्रेक आधीच लावायचा. एका वळणावर माझे हात आपोआप हवेत फिरले.

"हात खाली घे, लोक बघतात," सासूबाई म्हणाल्या.

बघायला रस्त्यावर एक मांजर होतं, आणि तेही घाईत होतं.

गिरणीच्या गल्लीत शिरलो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाण्याचा पाइप फुटून रस्ता मधोमध खचला होता. भिंतीला चिकटून माणूस गेला असता, पण बस जाणं शक्य नव्हतं, आणि त्या अरुंद गल्लीतून ती मागे घेणं तर त्याहून नव्हतं. साहेबांना सांगून गाडी शाळेच्या रस्त्याने वळवता आली असती. पण थांबा होता गल्लीच्या पोटात. दवाखान्यात सफाई करणाऱ्या बायका, बेकरीतले कामगार, पहारेकरी, सगळे तिथेच येऊन उभे राहणार आणि बस आली नाही म्हणून माझ्या नावाने खडे फोडणार. शाळेच्या कोपऱ्यावर जा, असं त्यांना सांगायचं कोणी? डेपोला फोन करता येतो, थांब्याला कुठे करायचा? आणि मी थांबले तर उशीर, म्हणजे बस हातची गेलीच.

रडू येणार होतं, पण त्याआधी राग आला. मी त्या खड्ड्याला अशी काही शिवी हासडली, की सासूबाईंच्या भुवया वर गेल्या.

"झालं तुझं? शाळेचा कोपरा म्हणजे तो पिवळा दिवा ना?"

"हो."

"मग जा तू. मी थांबते इथे."

"एकट्या? अंधारात?"

"मला कोण खातंय! पळ."

मी पळाले. गणवेशाची इस्त्री गेली खड्ड्यात. डेपोत पोचले तेव्हा साहेब बसच्या दाराशी घड्याळ बघत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"म्हणजे तुमच्या सासूच्या भरवशावर मी गाडी वळवू? आणि कोपऱ्यावर कोणी नसलं तर? सगळी गल्ली सोडून आलात, असंच लिहावं लागेल मला."

"लिहा साहेब. पण तुम्ही आमच्या सासूबाईंचा आवाज ऐकलेला नाही."

इंजिन सुरू झालं. एवढं मोठं धूड माझ्या हाताखाली थरथरत होतं आणि मी म्हणेन तिकडे वळत होतं! रस्ते रिकामे, आणि सगळी वळणं मला तोंडपाठ. मोठ्याने गावंसं वाटत होतं, पण साहेब शेजारी होते.

मग शाळा आली. कोपरा आला. पिवळ्या दिव्याखाली चिटपाखरूही नव्हतं.

मी ब्रेक लावला. साहेबांनी खिशातून पेन काढलं. मी खिडकीची काच खाली केली, उगाच, हवा लागावी म्हणून.

माणसं दिसायच्या आधी आवाज आला.

"अहो, चालताय की वरातीत निघालाय? उचला पाय! डबा सांभाळ गं. ए दादा, तू झोपतोस काय, पुढे हो!"

आणि गल्लीच्या तोंडातून सगळी फौज बाहेर पडली. बायका, कामगार, पहारेकरी, सगळे अर्धवट पळत होते आणि मागून पदर खोचून सासूबाई हाकत होत्या. भराभर सगळे चढले. शेवटचा पहारेकरी पायरीवर एक पाय ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"बाई चालवणार?"

सासूबाई त्याच्या मागेच होत्या.

"बाई नाही, माझी सून चालवणार आहे," त्या म्हणाल्या. "चढायचं तर चढ. तिला उशीर होतोय."

माझा ऊर भरून आला. डोळ्यांत पाणी घेऊन गाडी चालवता येत नाही, म्हणून मी ते बाहीने पुसलं आणि गियर टाकला.