लेक ऐकत नाही

"माझी लेक ऐकत नाही," असं उशीवाली भेटेल त्याला सांगत सुटली होती, आणि जो तो आपापल्या परीने सल्ला देत होता. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "वर्गातही तेच. लक्ष कुठे असतं कोण जाणे." बहीण फोनवर म्हणाली, "लाडावून ठेवलीयस. दे दोन धपाटे."

धपाटे काही तिच्याने दिले गेले नाहीत. पण आतून ती धास्तावली होती. नवरा घर सोडून जाण्याआधी असाच हूं की चूं न करता बसून असायचा. पोरीनेही बापाचं वळण उचललं की काय? दिवसभर ही मशीनकडे तोंड करून उशांचे अभ्रे शिवायची, कापूस भरायची आणि बोलत राहायची. पाठीमागे पोर चित्रं काढत बसलेली. उत्तर म्हणून नाही. घरात माणसं दोन आणि बोलणारं एकच.

पोरीची सर्दी मात्र बारमाही. ती हटेना म्हणून दवाखाना गाठला. नाकाचं सगळं सांगून झाल्यावर उशीवालीने सवयीने पुस्ती जोडली, "आणि ऐकतही नाही."

"म्हणजे हट्टी आहे, की ऐकू येत नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

उशीवालीने पोरीला तपासायच्या खुर्चीत बसवलं.

दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलं होतं. "नाकामागून कानाकडे जाणारी नळी सुजली की असं होतं. घरात धूळ असते का?"

"कापूस भरते मी. झोपतोही तिथंच."

"मग ॲलर्जी असू शकेल. छातीठोकपणे नाही सांगत, तपासून बघू. हे पाणी बरेचदा आपोआप ओसरतं. तोवर कापूस तिच्या खोलीबाहेर, आणि बोलायचं ते समोर बसून."

घरी येऊन तिने मशीनला हात लावला नाही. स्टूल फिरवून पोरीच्या पुढ्यात बसली. एवढे महिने तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, पण पोरीचे डोळे ओठांवर खिळल्यावर तिला शब्द सुचेना.

"भूक लागलीय?" तिने शेवटी विचारलं.

पोरीने मान हलवली. मग म्हणाली, "आई, गेला का गं तुझा राग?"

"कसला राग?"

"तू नुसती पाठ करून बसायचीस. माझ्याशी बोलायचीच नाहीस."

"बोलत होते गं," ती पुटपुटली. पोर तशीच बघत राहिली, तेव्हा तिने स्टूल आणखी पुढे ओढलं आणि तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं.