वखारीतली हाक

जैनुद्दीनने चिमट्याने प्रेताच्या श्वासनळीतली रुई ओढली, तर ती संपेचना. आधी बोटभर पेळू बाहेर आला, त्यामागे ओला, गुलाबी झालेला पुंजका, आणि त्याच्याही खाली अजून काहीतरी पांढरं दिसत होतं. त्याने चिमटा ठेवून हात धुतले. समाधान झालं नाही म्हणून पुन्हा धुतले. मेलेला माणूस श्वास घेत नाही, एवढं कळायला काही हैदराबादेत डॉक्टरी शिकायला जावं लागत नाही. वखारीतला हमाल नत्थुजी कापसाच्या ढिगाखाली गेला तेव्हा जिवंत होता.

वखारीचे मालक भगवंतराव मात्र सकाळीच दवाखान्यात येऊन सांगून गेले होते, की बिचारा ढिगाआड आडवा झाला होता, झोपेतच वारला, अंगावर रुई पडली ती नंतर. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून अकोल्यात कापसाला सोन्याचा भाव आला होता. वखारी आढ्यापर्यंत ठासून भरत होत्या आणि दार लावताना आत कोण राहिलंय हे पाहायची कुणाला फुरसत नव्हती. मुकादमाने सकाळी आलेली रुई ढिगावर ओतवली, कुलूप ठोकलं आणि नत्थुजी रिकाम्या गाड्यांबरोबर अकोटला गेला असं समजून मोकळा झाला. गाड्या परतल्या त्या त्याच्याशिवाय. तेव्हा कुठे ढीग उपसला.

उद्या कचेरीत जैनुद्दीनला शपथेवर सांगायचं होतं, की ढिगाखाली गेला तो माणूस होता की प्रेत. त्याच्या शब्दावर खटला उभा राहणार होता, नाहीतर तिथल्या तिथे मिटणार होता.

तो बाहेर आला तेव्हा ओट्यावर नत्थुजीची बायको सुभद्रा बसली होती. तिचं रडून झालं होतं.

"साहेब, ते सकाळीच गेले होते नं?"

"काहून विचारून राहिली, बाई?"

तिने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"त्या दिवशी मी वखारीच्या मांगं सरकी वाळवून राहिली होती. भर दुपार. आतून मले कोनी हाक मारली. सुभद्रे म्हनून."

"मंग?"

"मी ओ नाई देल्ली. दुपारी न दिसनाऱ्यानं हाक मारली त ओ देऊ नाई, घेऊन जाते ते. पुन्हा मारली. आवाज त ह्यायच्यासारखाच होता, पन हे अकोटले गेलेले. अन् साहेब, ह्यायनं मले कधी नावानं हाक नाई मारली. लगन झाल्यापासून एक डाव नाई. 'अवो' म्हनत, 'आयकलं का' म्हनत. म्हनून त मी वळखलं, हे भूतच व्हय. कानावर पदर घेतला अन् पळाली."

"कोनाले सांगतलं?"

"मुकादमाले. त्यानं अंगारा लावाले सांगतला."

जैनुद्दीनच्या अंगावर सरसरून काटा आला. तो भुताच्या भीतीचा नव्हता. आतल्या माणसाने आधी 'अवो' म्हणून पाहिलंच असेल. रुईने ते गिळलं असेल. मग कधीतरी त्याने जन्माची लाज सोडली आणि भिंतीपलीकडे आपली बायको बसलेली असते हे आठवून तिचं नाव घेतलं.

"घरून काही खाऊन निघाला होता तो?"

"पहाटं दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्यासंगं. पोटभर."

त्या पोटात आज एक कण नव्हता. दोन भाकरी जिरेपर्यंत नत्थुजी त्या पांढऱ्या अंधारात जागा होता, म्हणजे दुपार त्याने पाहिली होती. जैनुद्दीनने चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही.

"सांगा नं, साहेब. सकाळीच गेले नं? भूतच होतं नं?"

तिचे हात जोडलेले होते आणि बोटं एकमेकांत रुतली होती. त्याला तिची फार दया आली.

"हो, बाई. सकाळीच गेला."

तिने खोल श्वास सोडला आणि पायरीवर डोकं टेकवलं. ती उठून गेल्यावर जैनुद्दीन आत वळला. मजुराची बायको कचेरीत कशाला येते, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

पण प्रेताची ओळख पटवायला तिला बोलावणं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी खुदाला हाजिर-नाजिर जाणून शपथ घेतल्यावर त्याने मान वर केली, तर ती भिंतीशी बसलेली. भगवंतराव मोठ्या आशेने त्याच्याकडे पाहत होते आणि नेमकी तशीच तीही पाहत होती. खुर्चीतल्या गोऱ्या मॅजिस्ट्रेट साहेबांनी प्रश्न विचारला. दुभाष्याने तो मराठीत केला. जैनुद्दीनने सुभद्रेवरची नजर काढली.

"ढिगाखाली गेला तेव्हा तो जिवंत होता," तो म्हणाला. "दुपारपर्यंत तरी होता."

मुकादमाने भगवंतरावांकडे पाहिलं. कचेरीत एकच गलका झाला. साहेबांनी हात वर केला तसे सगळे चूप झाले.

सुभद्रा उठली. तिने पदर सारखा केला. जैनुद्दीनकडे तिने पाहिलंही नाही. ती उघड्या दाराकडे तोंड करून उभी राहिली, जरा कान देऊन.

"ओ," ती म्हणाली. "आली जी. आली."

आणि ती चालू लागली. दारातला शिपाई आपण होऊन बाजूला झाला.

ही बाई कोणाला उत्तर देते आहे, असं साहेबांनी विचारलं. दुभाष्याने जैनुद्दीनकडे पाहिलं. जैनुद्दीन अजून शपथेवर होता.